दुसरी हाक

पेठच्या नाक्यावर रस्त्याच्या मधोमध डांबराचं रिकामं पिंप उभं केलं होतं. त्याला वळसा घालताना बारकूने उजवा गुडघा बाहेर काढला, ब्रेक सोडला आणि सायकल उभी राहते की काय असं वाटेपर्यंत थांबून पेडलवर पुन्हा जोर दिला. वळताना माणसाला मागचं दिसतं, तेवढंच काय ते दिसणं. अश्विन त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर होता, तोंड मिटलेलं, नजर बारकूच्या कमरेवर. त्याच्या मागे रिकामा रस्ता. पुढे सांगलीचा एक आणि पुण्याचा एक असे दोघे निसटले होते. पिंपाशी घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ओरडून आकडा सांगितला. एक मिनिट दहा सेकंद.

एवढं अंतर आता तुटणार नव्हतं. तिसरा क्रमांक तेवढा उरला होता आणि त्याला धनी मात्र दोन होते. बारकूच्या डोक्यात हे गणित पिंपाचा वळसा पुरा होण्याआधीच बसलं, आणि बसलं ते हलेना.

सकाळी नाशिकहून निघताना गणित सोपं होतं. धोंडीराम वस्तादांनी चौघांना पेठ रोडवरच्या एका चहाच्या टपरीमागे उभं करून सगळं बोटांवर मोजून दाखवलं होतं. वस्तादांचं नाशिकरोडला सायकलींचं दुकान होतं, आणि वीस वर्षांपूर्वी ते स्वतः राज्याकडून उतरले होते, त्यामुळे त्यांच्या बोटांना मान होता. किशोर आणि नवा आलेला चंदर पहिला टप्पा ओढणार. घाट उतरून पेठ जवळ आलं की बारकू अश्विनला घेऊन पुढे होणार. परतीला कोटंबीचा घाट अश्विनला मागे बसवून चढवायचा, करंजाळीचं पहिलं घर दिसलं की डावीकडे सरकायचं आणि अश्विनला मोकळं सोडायचं. अश्विन पहिला, बारकू दुसरा नाहीतर तिसरा. दोघांचंही काम होतंय, असं वस्ताद म्हणाले आणि ते म्हणताना त्यांनी मुद्दाम बारकूकडे बघितलं. मग उतारावर किशोरचं टायर फुटलं, चंदर त्याला चुकवता चुकवता पार मागे राहिला आणि त्या गोंधळात हे दोघे बाहेरचे पाखरू उडावं तसे उडाले. वस्तादांच्या बोटांत ही गोष्ट नव्हती.

शर्यत खरं तर नाशिकला परत जाऊन संपायची, पण शहरात रस्ता अडवायची परवानगी मिळाली नव्हती. म्हणून शेवटची रेघ करंजाळीच्या शाळेसमोर चुन्याने ओढलेली होती. घाट चढून वर आलं की तीन-चार किलोमीटर, की संपलं. एकोणीसशे नव्व्याण्णवचा जानेवारी होता, ऊन चांगलं होतं आणि वारा समोरून होता.

वारा समोरून असणं ही बारकूची भाकरी होती. गेली तीन वर्षं त्याचं काम हेच, अश्विनच्या पुढे राहून वारा खायचा. पुढच्याच्या चाकाला नीट चिकटून बसलं की मागच्याला वारा लागत नाही, त्याची ताकद शेवटापर्यंत शिल्लक राहते, आणि शेवटी तो ताजा माणूस बाण सुटल्यासारखा सुटतो. पुढच्याचं नाव कोणी घेत नाही. बारकूला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पहाटे एकलहऱ्याहून निघून गंगापूर रोडला अश्विनच्या बंगल्यासमोर यायचं, दोघांनी मिळून धरणापर्यंत जायचं, परत यायचं, आणि मग वीजकेंद्रातल्या पाळीवर कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायला जायचं, यात त्याला एक सुख होतं. मागे आपल्यावर भरवसा ठेवून कोणीतरी बसलेलं आहे, हे त्याला आवडत असे. आठवड्यातून एकदा अश्विनची आई त्याला आत बोलावून दूध प्यायला देई, आणि तो ते संकोचाने उभ्यानेच पिऊन टाकत असे.

दोघांमध्ये एक ठराव होता. पुढच्याने मागे बघायचं नाही. पहिल्या वर्षी बारकूने एकदा मान वळवून बघितलं होतं. मान वळली की हँडल वळतं, हँडल वळलं की चाक सरकतं. अश्विनचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं, तो रस्त्यावर आपटला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून बघणं बंद आणि बोलणं सुरू. मागच्याने मधूनमधून "चल" म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. "हळू" म्हटलं, की चाक सुटतंय. पुढच्याने ऐकलं की उजवं कोपर किंचित बाहेर काढायचं, म्हणजे पोचलं. तीन वर्षांत "हळू" अशी हाक दहा-बारा वेळाच आली असेल आणि प्रत्येक वेळी बारकू पुढच्या दोन पेडलांत हळू झाला होता.

"चल," मागून अश्विन म्हणाला.

बारकूने कोपर काढलं. घाटाचा पहिला चढ सुरू झाला होता.

त्याचं जे काही होतं ते आजच होतं, आणि हे अश्विनलाही ठाऊक होतं. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखलेल्या जागा निघाल्या होत्या. या शर्यतीत पहिल्या तिघांत आल्याचं प्रमाणपत्र आणि संघाच्या वस्तादांचं पत्र, एवढं असलं की अर्ज धरला जाणार होता. वयाची अट अठ्ठावीस. बारकूची जन्मतारीख एक जून एकाहत्तर, गावातल्या निम्म्या लोकांची असते तशी, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचीच एक जून लिहिली होती. आईला विचारलं तर ती म्हणे, तू झालास तेव्हा भात कापून खळ्यावर आलं होतं. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे खऱ्या हिशेबाने त्याला अजून पुष्कळ महिने होते, पण खळ्यावरच्या भाताचा दाखला कोणी धरत नाही. येत्या जूनला तो कागदावर अठ्ठावीस पुरा करणार होता. मग कंत्राटदाराची पाळी, ठेका बदलला की पुन्हा नव्या माणसापुढे उभं राहणं, आणि पुढे मागे बायकामुलीला घेऊन द्राक्षाच्या बागांवर. त्याचे दोन्ही भाऊ तेच करत होते.

वस्तादांनी पत्र टाइप करून आणलं होतं. सही तेवढी शर्यतीनंतर. सही वस्ताद लवकर देत नसत. गेल्या वर्षी सुनील नावाच्या एका चांगल्या दमाच्या माणसाने संघातल्या साथीदाराला मागे टाकून स्वतःचा नंबर काढला होता. वस्तादांनी त्याचं अभिनंदन केलं, त्याला चहा पाजला, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. पुढे त्याला कसलंसं पत्र हवं होतं तेही दिलं नाही. बारकू तेव्हा तिथेच उभा होता आणि त्याला ते बरोबर वाटलं होतं.

"चल," पुन्हा मागून आलं. या वेळी शब्दाआधी श्वास आला.

बारकूने ऐकलं आणि कोपर काढलं. तीन वर्षांत त्याला अश्विनचा चेहरा जेवढा ठाऊक झाला नव्हता तेवढा त्याचा श्वास ठाऊक झाला होता. नाकाने चालू असला की उत्तम. तोंडाने सुरू झाला की अजून वीस मिनिटं आहेत. शब्दाच्या आधी आला की दहा. घाट अजून पुरता अर्धाही झाला नव्हता. वेग थोडा उतरवला असता तर अश्विन सावरला असता, माथ्यावर पोचला असता, आणि मग सपाटीला त्याच्यापुढे कोणी टिकत नाही. तिसरा तोच आला असता. बारकू चौथा. मागून चौघांचा घोळका येत होता, पण तो दूर होता. दोघांना सावकाश जायला पुरेल इतका दूर.

वेग उतरवायला हवा, हे त्याच्या पायांना कळलं होतं. पायांनी तो उतरवला नाही. वाढवलाही नाही. होता तोच ठेवला, आणि बारकू स्वतःला सांगत राहिला की हाक आलेली नाही. हाक आली की बघू.

पुढच्या वळणाला त्याच्या गावचा फाटा होता. गाव आत, दोन किलोमीटरवर, पण सगळं गाव फाट्यावर आलेलं होतं. सागाच्या सावलीत बाया ओळीने बसल्या होत्या, पोरं दगडांवर उभी होती. साळूबाई, त्याची बायको, मुलीला कडेवर घेऊन अगदी रस्त्याला लागून होती. ती एकलहऱ्याहून कालच एसटीने येऊन राहिली होती. निघताना तिने त्याला एकच गोष्ट विचारली होती, की एवढा तू पुढं असतोस तर नंबर त्याचा कसा येतो. त्याने तिला वाऱ्याचं सगळं समजावलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, मंग वाऱ्यालाच नोकरी देतील.

बारकू वळणावर दिसला तशी माणसं उठली. कोणीतरी डबा बडवायला घेतला. गलका इतका झाला की स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येईना. आणि त्या गलक्यात, मागून, नेहमीपेक्षा जरा लांबून, ती आली.

"दादा, हळू."

आलीच नाही, असं म्हणता आलं असतं. डबा वाजत होता, पोरं ओरडत होती. कारभारी नावाचा त्याचा चुलता हातातली काठी उंच करून रस्त्याच्या कडेने त्याच्याबरोबर चार पावलं धावला.

"मागला सुटला रं बारकू," तो ओरडला. "मागं कोनी नाय. जा."

बारकूचं उजवं कोपर जागचं हललं नाही. त्याने ते हलू दिलं नाही. हँडलवरची बोटं त्याने इतकी आवळली की नखं पांढरी पडली. साळूबाईचा चेहरा जवळ आला आणि गेला. ती ओरडत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि त्याला वाटलं की तिलाही ती हाक ऐकू गेली असावी.

वळण संपलं, गलका मागे राहिला. घाटात एकदम शांत झालं. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कापलेला डोंगर, आणि कापलेल्या डोंगरावर आवाज आपटून मोठा होतो हे तो लहानपणी गुरं राखताना शिकलेला होता. त्याला दुसरी हाक यायला नको होती. अश्विनने समजून घ्यावं, गप्प राहावं, असं त्याला मनापासून वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला तिथेच लाज वाटली.

"दादा."

मध्ये बराच वेळ गेला. श्वास नसताना माणूस शब्द गोळा करतो तसा.

"हळू."

या वेळी डबा नव्हता, पोरं नव्हती. शब्द स्वच्छ आला, डोंगराला लागून पुन्हा एकदा आला. तीन वर्षं त्या शब्दावर त्याचे पाय आपोआप थांबत आले होते आणि आताही ते थांबायला निघाले. ते थांबलेच असते. बारकू सीटवरून उठला. पेडलवर उभा राहिला, सगळं वजन पुढे टाकलं आणि सायकल दोन्ही बाजूंना झुलवत चढ कापायला लागला. लहानपणी भाड्याच्या सायकलवर तो असाच उभा राहून हा घाट चढायचा. त्याला ते फार आवडायचं. आताही पायांना ते आवडलं, आणि पायांचा त्याला राग आला.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. माथा आला, वारा तोंडावर आला, डोळ्यांतून पाणी आलं ते वाऱ्याने आलं असं त्याने धरलं. पुण्याचा गडी पुढे दिसायला लागला होता, खांदे पडलेले, पण तोवर करंजाळीची घरं आली. पहिल्या घराशी डावीकडे सरकायचं होतं. बारकू सरळ गेला. चुन्याची रेघ ओलांडून शाळेच्या फाटकापर्यंत गेला आणि फाटकाला धरून उभा राहिला. कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, तिसरा. त्याने मागे वळून बघितलं नाही.

अश्विन सहावा आला. मागच्या घोळक्यातल्या दोघांनी त्याला माथ्यावरच गाठलं होतं. तो रेघ ओलांडून सायकलसकट शाळेच्या हापशाकडे गेला आणि बराच वेळ हापशाखाली डोकं धरून बसला. राज्याच्या संघाच्या सरावाला पहिले तिघेच बोलावले जाणार होते. ती यादी एक माणूस शाळेच्या फळ्यावर खडूने लिहीत होता. तिसऱ्या ओळीत बारकूचं नाव होतं, आडनाव चुकलेलं.

वस्ताद राजदूतवरून आले तेव्हा अर्धा तास झाला होता. घाटात मोटारसायकली सोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना पेठलाच अडकवून ठेवलं होतं. त्यांनी गाडी स्टँडला लावली, फळा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग ते शाळेच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी बारकूला हाताने जवळ बोलावलं. पत्राचा लिफाफा त्यांच्या मांडीवर होता.

आधी त्यांनी शाबासकी दिली. घाट किती वेळात चढलास ते विचारलं आणि आकडा ऐकून भुवया वर केल्या. त्यांच्या दुकानातून आजवर असा चढणारा निघाला नव्हता, असंही म्हणाले. बारकू मान खाली घालून ऐकत होता. शाबासकी लवकर संपावी असं त्याला वाटत होतं आणि संपल्यावर काय येणार हेही ठाऊक होतं.

"अश्विन कुठं सुटला?" वस्तादांनी विचारलं.

"घाटात."

"कुठल्या वळणाला?"

"मागं बघायचं नाय असं ठरलं हाय, वस्ताद."

हे खरं होतं. इतकं खरं होतं की म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही, आणि आपली जीभ अडखळली नाही याची त्याला भीती वाटली.

"बघायचं नाही. ऐकायचं तर आहे," वस्ताद म्हणाले. "हाक आली का?"

बारकूने ओठ ओले केले. ओट्याच्या पलीकडे साळूबाई मुलीला घेऊन उभी होती. गावातली चार माणसं टेम्पो करून तिच्याबरोबर वर आली होती आणि काय चाललंय ते समजून घेत लांबूनच हसत होती. लिफाफा वस्तादांच्या मांडीवर होता, पेन त्यांच्या खिशाला. हो म्हटलं की पेन खिशातच राहणार. नाही म्हटलं की पेन बाहेर येणार. दोन्ही शब्द लहानच होते. बारकूच्या तोंडातून त्यांतला एकही निघेना.

"मी दिलीच नाही."

अश्विन हापशाकडून आला होता. केसांतून पाणी गळत होतं, ओठ पांढरे पडले होते. तो बारकूच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

"का दिली नाहीस?" वस्तादांनी विचारलं.

"दम गेला होता. आवाज फुटेना."

मग वस्ताद बोलले. ते रागावले की आवाज चढवत नसत, उलट बारीक करत. तीन वर्षं तुला काय शिकवलं, असं विचारत ते सुरू झाले. हाक देणं हे मागच्याचं निम्मं काम आहे, पुढच्याला काय स्वप्न पडतं का, आज तुझ्या गप्प बसण्याने तुझी जागा गेली, आणि ती कोणी घालवली नाही, तूच घालवलीस. अश्विनने सगळं ऐकून घेतलं. एकदा मान हलवली. तो मोठ्या घरातला मुलगा होता, कोणाचं असं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती, आणि तरी तो ऐकत होता. बारकूने स्वतःला म्हटलं, आता बोल. आत्ता बोललास तर अजून वेळ गेलेली नाही. वस्तादांच्या प्रत्येक वाक्यानंतर तो एक श्वास भरून घेत होता, आणि प्रत्येक वेळी तो श्वास तसाच सोडून देत होता.

वस्तादांनी खिशातून पेन काढलं. कागद मांडीवर नीट बसेना म्हणून शाळेतली पाटी मागवली, पाटीवर कागद ठेवला आणि सावकाश सही केली. खाली तारीख घातली. शाई वाळायला फुंकर मारली.

"नीट ठेव," ते म्हणाले. "घडी घालू नको."

बारकूने पत्र दोन्ही हातांनी घेतलं. साळूबाई पुढे आली, तिने कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"झालं?"

"झालं."

ती हसली. तिला तो असा का उभा आहे ते कळेना. दमला असेल, असं तिने धरलं आणि मुलीला त्याच्या हातात देऊन ती गावच्या माणसांकडे सांगायला गेली.

सायकली संघाच्या टेम्पोत चढवायचं काम नेहमी बारकूचं असे. फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो त्या एकमेकींना बांधायचा, अश्विनची सगळ्यांत वर, तिच्या खाली पोतं घालून. मुलीला साळूबाईकडे सोपवून तो टेम्पोजवळ आला तेव्हा अश्विन आपली सायकल स्वतःच बांधत होता. गाठ त्याला नीट येत नव्हती. बारकूने पट्टी घ्यायला हात पुढे केला. अश्विनने पट्टी सोडली नाही.

जवळपास कोणी नव्हतं. चंदर आणि किशोर हापशावर तोंडं धूत होते. बारकू टेम्पोच्या फळीला धरून उभा राहिला.

"मला ऐकू आलं व्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

अश्विनने गाठ सोडली, पुन्हा घातली.

"पहिल्या हाकेला लोक होते," तो म्हणाला. "म्हटलं, गलक्यात ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या हाकेला तू उठलास, दादा."

चढावर पुढचा सीटवरून उठला की त्याची सायकल हातभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागते. म्हणून तीन वर्षांत, कितीही पाय भरून आले तरी, अश्विन मागे असताना तो एकदाही उठला नव्हता. अश्विनने ती पाठ तीन वर्षं रोज बघितली होती. तिला विचारण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"मग वस्तादांना..." बारकूने विचारायला घेतलं.

"सही झाली ना? तुला जूनपर्यंतच होतं. मला अजून वर्षं आहेत." हे त्याने रागाने म्हटलं नाही, प्रेमानेही नाही. वेळापत्रक वाचावं तसं म्हटलं. "पत्र लवकर दे जाऊन. त्या लोकांचा भरवसा नसतो."

शेवटी गाठ बसली. अश्विनने ओढून बघितली, हात पँटला पुसले आणि पहिल्यांदाच बारकूच्या तोंडाकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते, ते पाण्याने असतील किंवा नसतीलही.

"उद्यापासून मी चंदरच्या चाकाला बसतो. वस्तादांना मी सांगेन काहीतरी. तू सकाळी एवढ्या लांबून येऊ नको."

बारकूने मान हलवली.

हापशाकडून चंदर येत होता, ओल्या हातांनी केस मागे सारत, खुशीत. त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. अश्विनने त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताकद आहे त्याच्यात. पण चढ दिसला की उठतो. तेवढं त्याला एकदा तू समजावून सांग. उठायचं नाही म्हणून."

"सांगतो," बारकू म्हणाला.